दुसऱ्या तिमाहीचा उत्तरार्ध (आठवडा २३ ते २८): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भारपणातला हा सर्वांत सुखाचा काळ असतो, असे नेहमी सांगितले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. मळमळ ओसरलेली असते, अन्न गोड लागू लागलेले असते आणि पोटाचा भार अजून असह्य झालेला नसतो. मात्र याच पाच-सहा आठवड्यांत शरीर अनेक नवी चिन्हे दाखवू लागते. त्यांतली बहुतेक निरुपद्रवी असतात, मोजकीच गंभीर असतात, आणि अडचण अशी की सुरुवातीला दोन्ही सारखीच वाटू शकतात. म्हणून पुढील उत्तरांत अधिक भर हा फरक ओळखण्यावर दिला आहे. सर्व माहिती एकाच बाळाचे गर्भारपण गृहीत धरून दिलेली आहे. जुळे असल्यास किंवा आधीपासून एखादा आजार असल्यास तपासण्यांचे वेळापत्रक आणि आकडे बदलतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

मला नेमका कितवा महिना आहे? घरचे सातवा म्हणतात, डॉक्टर २६ आठवडे म्हणतात.

दोघेही बरोबर असू शकतात. गर्भारपणाची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते आणि पूर्ण काळ ४० आठवड्यांचा, म्हणजे २८० दिवसांचा धरला जातो. २६ आठवड्यांचे १८२ दिवस होतात, म्हणजे दिनदर्शिकेनुसार सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागलेला असतो. चार आठवड्यांचा एक महिना धरणाऱ्यांच्या हिशेबाने मात्र तोच सातवा महिना अर्धा सरलेला असतो. हा घोळ टाळण्यासाठी दवाखान्यात बोलताना नेहमी आठवड्यांतच बोलावे, कारण तपासण्या, लसी आणि औषधे यांचे निर्णय आठवड्यांवर ठरतात. नंतरच्या सोनोग्राफीच्या अहवालावर कधी कधी प्रसूतीची वेगळीच तारीख छापून येते. तारीख पुढे-मागे झाली, असा त्याचा अर्थ नसतो. त्या दिवशी बाळाचा आकार किती दिसला, एवढेच ती तारीख सांगते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने निश्चित केलेली तारीखच अधिक विश्वासार्ह असते.

या काळात बाळ किती मोठे असते?

२४ आठवड्यांच्या सुमारास बाळाचे वजन साधारण ६०० ग्रॅम आणि डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास असते. २८ आठवड्यांपर्यंत वजन एक किलोच्या घरात पोहोचते. तोपर्यंत मिटलेल्या पापण्या २६ ते २७ आठवड्यांच्या सुमारास उघडू लागतात. बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात आणि एखाद्या मोठ्या आवाजाने ते दचकल्याचेही आईला जाणवते. त्वचा अजून सुरकुतलेली असते, कारण तिच्याखाली चरबी साठायला नुकती सुरुवात झालेली असते. सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे: फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत यासाठी लागणारा द्रव याच सुमारास तयार होऊ लागतो. तो पुरेसा होण्यासाठी पुढचे बरेच आठवडे लागतात, आणि म्हणूनच या काळात अकाली प्रसूती टाळण्यासाठी डॉक्टर एवढी काळजी घेतात.

बाळाची हालचाल किती वेळा जाणवली पाहिजे?

या प्रश्नाला बहुतेकांना एक आकडा हवा असतो आणि तो देण्याचा मोह टाळणेच योग्य आहे. पहिली हालचाल साधारणतः १६ ते २४ आठवड्यांदरम्यान जाणवते. पहिलटकरणीला ती उशिरा कळते. वार (प्लॅसेंटा, म्हणजे बाळाला पोषण पुरवणारा अवयव) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असेल, तर तिच्या जाडीमुळे लाथा दबून जातात आणि नुसती चुळबूळ तेवढी जाणवते. २४ आठवडे पूर्ण होऊनही एकदासुद्धा हालचाल जाणवली नसेल, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

२४ ते २८ आठवड्यांदरम्यान हालचालींना हळूहळू एक लय येते. काही बाळे आई आडवी झाली की जागी होतात, काही जेवणानंतर, तर काही मध्यरात्री. दिवसा चालण्या-फिरण्याच्या हेलकाव्याने बाळ शांत राहते आणि आईचेही लक्ष कामात असते, त्यामुळे दिवसभर काही जाणवले नाही असे वाटू शकते. बाळाची झोपही असतेच. ती बहुधा २० ते ४० मिनिटांची असते आणि ९० मिनिटांपेक्षा क्वचितच लांबते. तेव्हा शेजारणीच्या बाळाशी किंवा तुमच्याच आधीच्या बाळंतपणाशी तुलना न करता या बाळाची सवय ओळखावी. सवय ओळखीची झाली की तिच्यातला बदल हाच खरा इशारा ठरतो.

हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर डाव्या कुशीवर शांतपणे पडून लक्ष द्यावे. तरीही शंका राहिली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाशी संपर्क साधावा. ‘गोड खाल्ले की बाळ हलते’ या समजुतीवर विसंबून तासन्‌तास वाट पाहू नये. बाजारात मिळणारे ठोके ऐकण्याचे घरगुती यंत्रही अशा वेळी कामाचे नाही, कारण त्यात आईच्याच रक्तवाहिन्यांचा किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचा समजला जाऊ शकतो, आणि खरोखरचा ठोका ऐकू आला तरी तेवढ्यावरून बाळ सुस्थितीत आहे असे ठरत नाही. विनाकारण आलात म्हणून कोणी नावे ठेवील, ही भीती मनातून काढून टाकावी.

उचकीचे काय? एका लयीत, एकाच जागी, काही मिनिटे जाणवणारे हलके ठोके म्हणजे बहुधा बाळाची उचकी असते आणि तिच्यात काळजीचे काही नसते.

पोट फारच लहान दिसते, असे सगळे म्हणतात.

पोट किती दिसते हे आईची उंची, पोटाच्या स्नायूंची ताकद, बाळाची स्थिती आणि हे कितवे बाळंतपण आहे यांवर अवलंबून असते. डॉक्टर किंवा परिचारिका जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडापासून) गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर फितीने मोजतात. २४ आठवड्यांनंतर हे अंतर सेंटिमीटरमध्ये साधारणपणे आठवड्यांइतकेच, दोन-तीनच्या फरकाने, भरते. फरक त्याहून जास्त असला किंवा आकडा वाढायचा थांबला, तर सोनोग्राफी करून बाळाची वाढ आणि गर्भजल पाहिले जाते. नातेवाइकांच्या नजरेपेक्षा ही फीत भरवशाची आहे.

मध्येच पोट दगडासारखे घट्ट होते. या कळा आहेत का?

बहुधा या सरावाच्या, म्हणजे खोट्या कळा असतात. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. गर्भाशय काही सेकंद ते एक-दोन मिनिटे आवळते आणि सैल पडते. त्यात नियमितपणा नसतो, जोर वाढत जात नाही आणि वेदनेपेक्षा अवघडलेपणाच अधिक असतो. दमल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर, लघवी तुंबल्यावर किंवा संबंधानंतर त्या वाढतात. म्हणून प्रथम लघवीला जाऊन यावे, पाणी प्यावे आणि कुशीवर पडावे. खोट्या कळा बहुतेक वेळा एवढ्याने शमतात.

विश्रांतीनंतरही घट्टपणा ठरावीक अंतराने येत राहिला, तासात सहा किंवा अधिक वेळा आला, कंबर लाटेसारखी दुखू लागली, ओटीपोटात खाली दाब जाणवला किंवा योनीवाटे पाणी, रक्त अथवा रक्तमिश्रित चिकट स्राव गेला, तर ती मुदतपूर्व प्रसूतीची सुरुवात असू शकते. ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती मुदतपूर्व मानली जाते. येथे वेळेला फार मोल असते, कारण लवकर पोहोचल्यास बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारी स्टेरॉइडची इंजेक्शने आईला देता येतात आणि नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तिला वेळीच हलवता येते. २८ आठवड्यांनी जन्मलेले बाळ २४ आठवड्यांनी जन्मलेल्या बाळापेक्षा कितीतरी अधिक तग धरू शकते. त्यामुळे प्रसूती काही दिवसांनी लांबली तरी त्या दिवसांचा फायदा मोठा असतो.

अंगावरून पांढरे जाते. ते गर्भजल तर नसेल?

पातळ, पांढरट, वास नसलेला स्राव वाढणे या काळात स्वाभाविक आहे. लघवीचे थेंब नकळत जाणेही नवे नाही, विशेषतः शिंकताना किंवा हसताना. शंका आल्यास स्वच्छ पॅड लावून पाहावे: पॅड वारंवार ओले होत असेल, स्राव पाण्यासारखा असेल आणि त्याला लघवीचा वास नसेल, तर लगेच तपासणी करून घ्यावी. हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, खाज आणि लघवीला जळजळ ही संसर्गाची लक्षणे आहेत. गर्भारपणात लघवीचा संसर्ग अंगावर काढू नये, कारण तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो आणि त्यामुळे अकाली कळाही सुरू होऊ शकतात.

साखरेची तपासणी आत्ताच का? माझ्या घरात कोणालाही मधुमेह नाही.

गर्भारपणातील मधुमेह होण्यासाठी घरात मधुमेह असावाच लागतो असे नाही. वार जी संप्रेरके तयार करते, ती आईच्या शरीरात इन्शुलिनचा परिणाम कमी करतात, जेणेकरून साखर बाळासाठी रक्तात अधिक काळ उपलब्ध राहावी. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन निर्माण करून ही तूट भरून काढते. काहींचे काढू शकत नाही. इन्शुलिनला होणारा हा विरोध २४ ते २८ आठवड्यांत पुरेसा स्पष्ट झालेला असतो आणि उपचारांना वेळही उरलेला असतो, म्हणून तपासणीसाठी हे आठवडे निवडलेले आहेत. आधीची तपासणी चांगली आली होती म्हणून ही टाळू नये.

एका प्रचलित पद्धतीत रात्रभर उपाशी राहून रक्त दिले जाते, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि एक तासाने व दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. उपाशीपोटी ९२, एक तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादांपैकी एकही गाठली किंवा ओलांडली, तर निदान निश्चित होते. इतर पद्धतींत ग्लुकोजचे प्रमाण आणि मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून दुसऱ्या कोणाचा अहवाल स्वतःच्या अहवालाशी ताडून पाहू नये. ते गोड पाणी पिणे कोणालाच आवडत नाही. उलटी झाली तर मात्र तसे सांगावे, कारण तपासणी पुन्हा करावी लागते.

निदान झाले म्हणजे आईची चूक झाली, असे नव्हे. हे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘गोड फार खाल्लेस’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकावे लागते. अनेक जणींची साखर आहारातील बदल आणि जेवणानंतरचे चालणे एवढ्यावर आटोक्यात येते. न आल्यास इन्शुलिन किंवा गोळ्या दिल्या जातात. उपचार न घेतल्यास बाळाचे वजन अति वाढते, प्रसूती अवघड होते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. हा मधुमेह बहुधा प्रसूतीनंतर जातो, परंतु पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका वाढलेला राहतो, म्हणून बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी साखर पुन्हा तपासून घ्यावी.

हिमोग्लोबिन पहिल्यापेक्षा कमी का झाले? मी गोळ्या तर घेत आहे.

गर्भारपणात रक्ताचे एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, पण त्यातला द्रवभाग तांबड्या पेशींपेक्षा अधिक वेगाने वाढतो. त्यामुळे रक्त काहीसे पातळ होते आणि याच काळात आकडा खाली येतो. दुसऱ्या तिमाहीत तो १०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते. दोन्ही गोळ्यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि लोहासोबत ‘क’ जीवनसत्त्व असलेले फळ घ्यावे. शौचाचा रंग काळपट होणे अपेक्षितच आहे. गोळ्या सोसत नसतील, तर त्या गुपचूप बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मात्रा बदलता येते किंवा शिरेतून लोह देता येते.

याशिवाय कोणत्या तपासण्या आणि लसी असतात?

प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन, लघवीतील प्रथिने आणि बाळाचे ठोके पाहिले जातात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर प्रतिद्रव्यांची तपासणी करून साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत यासाठी) दिले जाते. डांग्या खोकल्यापासून नवजात बाळाचे संरक्षण करणारी लस अनेक ठिकाणी २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत वार खाली असल्याचे दिसले असेल, तर घाबरून जाऊ नये. गर्भाशय वाढते तशी ती बहुसंख्य स्त्रियांत वर सरकते आणि ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहिले जाते. तोवर रक्तस्राव झाल्यास, तो वेदनारहित असला तरी, तत्काळ रुग्णालय गाठावे.

पायांवर सूज येते. रक्तदाबाशी तिचा संबंध आहे का?

संध्याकाळी घोट्यांवर येणारी आणि रात्री पाय उंचावर ठेवल्यावर उतरणारी सूज नेहमीची असते. चेहरा आणि हात अचानक सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अंधारी येणे, उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे मात्र प्री-एक्लॅम्प्सियाची असू शकतात. २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि लघवीतून प्रथिने जाणे ही त्याची मुख्य खूण आहे. त्रासदायक बाब अशी की सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून बरे वाटत असतानाही रक्तदाब मोजून घेणे चुकवू नये. धोका अधिक असल्यामुळे डॉक्टरांनी अल्प मात्रेची अॅस्पिरिन सुरू केली असेल, तर ती आपल्या मनाने थांबवू नये. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली आणि दुखू लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता तपासावी लागते.

कंबरदुखी, पायात गोळे, छातीत जळजळ यांवर काय करावे?

संप्रेरकांमुळे सांधे सैलावतात आणि वाढत्या पोटाने शरीराचा तोल पुढे जातो, म्हणून कंबर दुखते. सपाट पादत्राणे, पाठीला आधार आणि कमी वेळ उभे राहणे यांनी फरक पडतो. अचानक उठताना जांघेत चमक येते, ती गर्भाशयाला आधार देणाऱ्या बंधांवर ताण आल्याने. रात्री पोटरीत गोळा आल्यास पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणावी. जळजळीसाठी थोडे थोडे खावे आणि जेवल्यावर निदान दोन तास आडवे होऊ नये. बद्धकोष्ठतेवर पाणी, चोथायुक्त आहार आणि चालणे हेच पहिले उपाय आहेत. हातांना रात्री मुंग्या येणे, नाक चोंदणे, हिरड्यांतून थोडे रक्त येणे आणि स्तनांतून चिकाचे थेंब येणे हेही या काळात आढळते; चीक दाबून काढू नये.

वेदनाशामक गोळी लागलीच, तर पॅरासिटामॉल विचारून, कमीत कमी मात्रेत घ्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे २० आठवड्यांनंतर आपल्या मनाने घेऊ नयेत. बाळाच्या मूत्रपिंडांवर त्यांचा परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

त्वचेला खाज येते. ती साधी की गंभीर?

ताणलेल्या पोटाची खाज साधी असते आणि मलमाने कमी होते. पोटावरचे पट्टे, बेंबीपासून खाली जाणारी काळसर रेघ, चेहऱ्यावरचे डाग यांनीही अपाय होत नाही. पट्टे नाहीसे करणारे तेल म्हणून जे विकले जाते, त्याच्या दाव्यांवर फार विश्वास ठेवू नये. मात्र पुरळ नसताना तळहात आणि तळपायांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटली, तर यकृताशी संबंधित विकार तपासण्यासाठी रक्तचाचणी करावी लागते.

उताणे झोपले तर बाळाला धोका होतो का?

उताणे पडल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. त्यामुळे घेरी येऊ शकते. २८ आठवड्यांपासून कुशीवरच झोपी जाण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा आत्तापासून सवय लावणे सोयीचे ठरते. डावी कूसच हवी असा अट्टहास नको, उजवीही चालते. गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. रात्री जाग आल्यावर आपण उताणे असल्याचे कळले, तर घाबरून न जाता नुसती कूस बदलावी.

वजन किती वाढावे? दोघांपुरते खावे का?

नको. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३४० उष्मांकांचीच भर लागते. मात्र प्रथिने आणि लोह यांची गरज त्यापेक्षा बरीच अधिक वाढते, म्हणून किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले हे पाहावे. गर्भारपणापूर्वी वजन प्रमाणात असलेल्या स्त्रीचे संपूर्ण काळात ११.५ ते १६ किलो वजन वाढणे योग्य मानले जाते, म्हणजे सध्या आठवड्याला सुमारे अर्धा किलोपर्यंत. आधीचे वजन जास्त असल्यास ही मर्यादा कमी आणि कमी असल्यास अधिक असते. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. मद्य आणि तंबाखूची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही.

प्रवास, व्यायाम आणि शरीरसंबंध चालतात का?

रक्तस्राव, खाली असलेली वार, गर्भाशयाचे तोंड आखूड असणे किंवा अकाली कळांचा इतिहास नसेल, तर तिन्ही चालतात. आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, जसे भरभर चालणे किंवा पोहणे, उपयुक्त आहे. पडण्याचा किंवा पोटावर मार बसण्याचा धोका असलेले खेळ टाळावेत. लांबच्या प्रवासात दर तासा-दोन तासांनी पाय मोकळे करावेत. मोटारीत पट्टा जरूर लावावा: खालचा भाग पोटाखालून मांड्यांवर आणि वरचा दोन्ही स्तनांमधून, पोटाच्या बाजूने यावा.

मला आनंद व्हायला हवा, पण सारखे रडू येते.

उदासी आणि चिंता प्रसूतीनंतरच येतात असे नाही, त्या गर्भारपणातही येतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेना किंवा चिंतेने झोप उडाली, तर ते डॉक्टरांना तितक्याच सहजपणे सांगावे, जितक्या सहजपणे कंबर दुखते म्हणून सांगितले असते. समुपदेशनाचा उपयोग होतो आणि गरज पडल्यास गर्भारपणात देता येणारी औषधेही आहेत. आधीपासून चालू असलेली औषधे अचानक बंद करू नयेत. स्वतःला इजा करण्याचे विचार आल्यास ती तातडीची परिस्थिती समजून त्याच क्षणी कोणाला तरी सोबत घ्यावे आणि रुग्णालय गाठावे.

२८ आठवड्यांनंतर काय बदलते?

तिसरी तिमाही सुरू होते आणि महिन्याने होणारी भेट अनेक ठिकाणी दोन आठवड्यांवर येते. त्या भेटीला जाताना साखर व हिमोग्लोबिनचे अहवाल, चालू औषधांची यादी आणि मनातले प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. प्रसूती कोठे होणार, रात्री-अपरात्री फोन कोणत्या क्रमांकावर करायचा, वाहन कोणते आणि सोबत कोण येणार, हेही याच भेटीपर्यंत ठरवून ठेवावे, आणि रक्तगटाच्या अहवालाची एक प्रत पिशवीत वेगळी ठेवावी.